या नावाचं इथं कोणी नाही

दाराची कडी वाजली. जोरात नव्हे; बोटानं उचलून सोडून द्यावी तशी, एकदाच. दुपारचे अडीच वाजलेले. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं, शेजारच्या घरातला रेडिओही निजलेला, म्हणून एवढासा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत आला. विजयमाला तिथल्या उंबऱ्याशी बसून, मांडीवर पोळपाट उपडा ठेवून त्यावर लिहीत होती. सई निजली की दीड तास तिचा. त्यातली पहिली पंधरा मिनिटं ओटा पुसण्यात जायची, शेवटची पंधरा सई कूस बदलते का ते ऐकण्यात. मधला तासभर तिचा प्रबंध चालायचा. आज सई निजली नव्हती, नुसती पडून भिंतीवरच्या पालीशी बोलत होती. पण पाल पुरी पडत होती तोवर हरकत नव्हती. वाक्य अर्ध्यावर आलेलं होतं, 'सदर प्रकरणी प्रतिवादीने शपथेवर धडधडीत असत्य कथन करून' इथवर. एवढं पुरं करते, मग उठते, असं तिनं मनात म्हटलं. तोवर सईची पावलं फरशीवर पटपट वाजली, दार किरकिरलं आणि बाहेरून एका पुरुषाचा आवाज आला, "बाळ, हरणा जोतीराम शेडगे कोण हाय घरात? रजिस्टर आलंय." सईचा आवाज स्वच्छ होता, बालवाडीत प्रार्थना म्हणतात तसा. "नाही. या नावाचं इथं कोणी नाही." "मोठं कोण न्हाई व्हय?" "आई आहे. पण ती लिहितीय. आईचं नाव विजयमाला." "मग न्हवं त्या," असं म्हणून तो वळला, सायकलचं स्टँड खटकन वर गेलं, आणि विजयमालानं वाक्य पुरं करून टिंब दिलं.

टिंब देऊन झाल्यावर तिचा हात तसाच कागदावर राहिला. ते नाव तिनं ऐकलं होतं. नीट, अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. पण ते कानातून आत गेलं ते शेजारणीच्या घरी भांडं पडल्याच्या आवाजासारखं, ऐकू येतं पण आपल्याला उठायचं नसतं, तसं. पोळपाट बाजूला सारून ती उठली, पायात एक चप्पल एक स्लीपर अशी गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेली. रस्त्यावर ऊन होतं. ऊस भरलेली एक बैलगाडी कारखान्याकडे चालली होती आणि गाडीमागं दोन पोरं ऊस ओढत होती. सायकल नव्हती. नवा पोस्टमन. जुना केरबा पोस्टमन असता तर त्यानं पायरीवर बसून पाणी मागितलं असतं आणि पत्र तिच्या हातात देऊन म्हटलं असतं, शेडगेबाई, तुमचं माहेरचं. केरबा दिवाळीत निवृत्त होऊन खंडाळ्याकडं आपल्या गावी गेला. ती परत आली तेव्हा सई दारात उभी होती, पोस्टमनला बरोबर उत्तर दिल्याच्या समाधानात. "आई, एक काका चुकून आले होते," तिनं सांगितलं. विजयमालानं तिला उचलून घेतलं आणि तिच्या केसांचा वास घेतला. रागावण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

विद्यापीठाचं पत्र. दुसरं कुणाचं असणार. मार्गदर्शक सरांनी आठवड्यापूर्वीच कोल्हापूरहून कार्ड टाकलं होतं: नोंदणीच्या मुदतवाढीचं पत्र रजिस्टरनं येईल, सही करून पोच परत जाऊ द्या, पत्र परत आलं तर उमेदवार सापडत नाही असं धरून नोंदणी रद्द होते, चार वर्षं पाण्यात जातील. चार वर्षांपूर्वी तिनं तो अर्ज भरला तेव्हा सई पाळण्यात होती. नाव पदवीवर असेल तेच लिहावे, असा नियम होता, आणि पदवीवर हरणा होती. पत्त्याच्या ओळीत 'द्वारा' म्हणून जागा होती. ती तिनं मोकळी सोडली. एवढा एक ताठा तेव्हा तिला करता आला होता, आणि तो करताना तिला फार बरं वाटलं होतं, भर बाजारात डोक्यावरचा पदर जरासा घसरू द्यावा तसं. नवऱ्याला, लालासाहेबांना, तिनं ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते हसले असते. ते वाईट नव्हते. वाईट असते तर ही गोष्ट कदाचित सोपी झाली असती.

लग्नात साताऱ्याला तिच्या माहेरच्या दारातच मांडव होता. तिचे वडील सुभेदार, निवृत्त. पाहुण्यांना पंगतीत बसवतानाही त्यांचा आवाज परेडचा. मंगळाष्टका झाल्या, आणि मग भटजींनी पितळी ताटात तांदूळ पसरले. लालासाहेबांनी बोटातली अंगठी काढून तांदळात अक्षरं ओढली. ती समोर बसली होती, म्हणून तिला ती उलटी दिसत होती. काना, मात्रा, वेलांटी यांची भलतीच एखादी लिपी. बायका वाकून वाचत होत्या, "विजयमाला गं बाई, काय झोकदार नाव." तिच्या चुलतीनं कानाशी म्हटलं, "हरणे, आता वळून बघायचं न्हाई." गावाकडं हे पाठवणीच्या वेळी म्हणतात, पण चुलतीनं ते या ताटापाशीच म्हटलं. आणि मग भटजींनी तळहातानं तांदूळ सारखे केले. इतकं सहज. सगळे तांदूळ पुन्हा तांदूळ झाले आणि शिध्याच्या पिशवीत गेले. दुसऱ्या दिवशी भटजींच्या घरी ते शिजलेही असतील. तिला त्या वेळी काही वाटलं नव्हतं. एलएल.बी.चा निकाल लागून दोनच महिने झाले होते, शालूची किनार टोचत होती आणि भूक लागली होती. नंतर वडील होते तोवर पत्राच्या वरच्या कोपऱ्यात 'चि. हरणीस' असायचं. वडील गेले. धाकटा भाऊ फौजेत, कुठल्याशा सरहद्दीवर. तो 'प्रिय ताई' लिहितो. हळूहळू, कुणी काही न करता, ते नाव नुसतं विद्यापीठाच्या एका रजिस्टरात उरलं. हरणा जणू आता तिथंच राहत होती.

आणि आता तिला आठवलं ते हे, की कडी वाजली तेव्हा ती जे वाक्य लिहीत होती तेही अशाच एका नावाविषयी होतं. तिचा प्रबंध पोटगीच्या अर्जांवर होता: सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत टाकून दिलेल्या बायकांनी फौजदारी कोर्टात केलेले अर्ज, पंधरा वर्षांतले. एका बाईला एक कार्ड. कार्डावर नाव, वय, गाव, निकाल. साठ कार्डं, सईच्या बुटांच्या खोक्यात. त्यात एकोणसाठ सालची रंगुबाई होती, माहेर कवठे महांकाळ. तिच्या कागदांवरचा शिक्का अजून 'दक्षिण सातारा' जिल्ह्याचा होता. पुढच्याच वर्षी जिल्ह्याचं नाव सांगली झालं आणि तो शिक्का कुठंतरी ड्रॉवरमध्ये पडला. रंगुबाईच्या नवऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं, 'सदर रंगुबाई नावाच्या बाईशी माझे लग्न झालेले नाही. या नावाची बाई माझे घरी कधी नांदलेली नाही.' लग्न शाबीत नाही म्हणून अर्ज निकाली. ते वाचलं त्या दिवशी विजयमाला कोर्टातल्या रेकॉर्डच्या खोलीतून घरी येईपर्यंत संतापानं धुमसत होती. इतकं खोटं. हात वर करून, देवाची शपथ घेऊन. 'या नावाची बाई माझे घरी.' आणि आज तिच्याच लेकीनं, कुणी न शिकवता, दारात उभं राहून तेच शब्द म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार, तिचा कोर्टात जायचा दिवस. बुधवारी सईला शेजारच्या सुलाबाईंकडं ठेवायची. पण त्यांच्या घरी पाहुणे आले होते, म्हणून सईला बरोबर घेऊन ती आधी पोस्टात गेली. भिंतीवर महिला वर्षाचा रंगीत फलक लावलेला होता आणि त्याच्याखाली डिंकाची बशी. खिडकीतले कारकून वयस्कर होते, चष्मा कपाळावर. "नाव?" "हरणा जोतीराम शेडगे." तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण उलट तो फार मोठा निघाला, रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. तिनं पदवीचं प्रमाणपत्र पुढं केलं. "हे सातारच्या पत्त्याचं. इथला काही कागद?" तिनं रेशनकार्ड दिलं. कारकुनांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली, दोन स्थळांच्या पत्रिका जुळवाव्यात तशी. "या पिसाळबाई. आणि या शेडगेबाई. या दोघी एकच कशावरून म्हणायचं?" लग्नाची पत्रिका घरी होती, पण तीत फक्त हरणा. लग्नाची नोंद कुणी केली नव्हती, त्या वेळी कुणीच करत नसे. दोन्ही नावं एका ठिकाणी आहेत असा कागद तिनं मनात शोधून पाहिला, आणि तिला नुसतं ते पितळी ताट दिसलं, सारखे केलेले तांदूळ. "वाईट वाटून घेऊ नका," कारकून म्हणाले, "आमच्या घरातही तेच. मंडळींना माहेरच्या नावानं हाक मारली तर त्या मागं वळून बघतात, कोण आलंय म्हणून." ते स्वतःच हसले. मग चष्मा खाली घेऊन कामाचं बोलले. "मिस्टरांना घेऊन या. ते एकटे आले तरी बास. नाहीतर दोन माणसं आणा, दोन्ही नावानं ओळखणारी. शनिवारपर्यंत. सोमवारच्या टपालानं पत्र परत जाईल."

मिस्टरांना घेऊन या. कोर्टाकडं चालताना तिच्या पावलांना तेच ठेका देत राहिलं. सईचा हात घामेजला होता, तिला रस्त्यातल्या प्रत्येक रसवंतीपाशी थांबायचं होतं. लालासाहेब आले असते. कारखान्याचा हंगाम आहे, साहेब सोडत नाहीत, असं एकदा म्हटलं असतं आणि मग आले असते, स्कूटर फाटकाशी लावून, खिडकीपाशी ओणवं होऊन हसत म्हणाले असते, ही माझीच मंडळी, मीच नाव ठेवलंय. आणि कारकूनही हसले असते, आणि त्यांच्या एका सहीनं हरणा शेडगे पुन्हा असल्यात जमा झाली असती. अंगठी ज्यानं फिरवली तोच एक साक्षीदार. यात रडण्यासारखं काही नव्हतं, तरी तिला वाटलं की आपण एकदम फार मोकळ्या मैदानात येऊन उभ्या आहोत आणि सावलीला एकच झाड आहे, आणि ते झाड चांगलं आहे, फळं देतं, पण ते दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

रेकॉर्डच्या खोलीत जुन्या कागदांचा आणि उंदरांच्या औषधाचा वास असायचा. फडताळांत कागदांचे गठ्ठे लाल कापडांत बांधून ठेवलेले. त्या कापडांना तिथं रुमाल म्हणत. रसूलभाई रुमाल काढून द्यायचे, परत बांधायचे. पंचवीस वर्षं तेच काम. दोन वर्षांत त्यांच्याशी तिचं बोलणं 'साठ सालचा द्या' आणि 'झालं' एवढंच. आज सईला बघून त्यांनी खिशातून खडीसाखर काढली, आणि कशी कोण जाणे, विजयमालानं त्यांना पत्राची हकीकत सांगून टाकली. रसूलभाई बीडी विझवून हसले. "हे तं थोटीवानीच झालं की तुमचं."

"कोण थोटी?"

"रंगुबाई. आन् मनुबाई. तुमी दोन्ही कागूद बगितल्यात न्हवं? येक या बाजूच्या फडताळात, येक त्या."

मनुबाईचं कार्ड तिला आठवलं. चौसष्ट साल, सासर आष्टा. फेटाळला. साक्षीदार भाऊ अर्जदाराचं नाव सांगताना चुकला, म्हणून. तिनं कार्डाच्या कडेला 'भाऊ गडबडला' असं लिहिलं होतं. "त्या दोन बायका आहेत," ती म्हणाली.

"येकच हाय बाई. रंगुबाई म्हायेरचं, मनुबाई सासरचं. गुऱ्हाळावर चरकात डावा अंगठा गेला तिचा. कागदावर बी लिवलंय की खाली, दोन्हीकडं." त्यांनी शिडी लावली. दोन रुमाल काढले, दोन टेबलांवर नव्हे, एकाच टेबलावर ठेवले, आणि दोन्ही जबान्यांच्या तळाशी बोट ठेवलं. 'डावा अंगठा नसल्यामुळे उजव्या हाताचा.' दोन्ही ठिकाणी त्याच वळणाचा उजवा अंगठा. विजयमालानं ते दोन वेळा वाचलेलं होतं. कार्डावर अंगठ्याला जागा नव्हती, म्हणून लिहिलं नव्हतं. "तुम्ही बोलला नाहीत कधी," ती म्हणाली. "तुमी इचारलंच न्हाई," रसूलभाई म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुमी कागूद इचारला, मी कागूद दिला." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं बी मला पयल्या दिवशी कळालं. परवानगीच्या कागदावर हरणा शेडगे, आन् आमच्या वहीत सही ठोकली पिसाळ. म्हटलं, आसतील दोन. येतो मी उद्या पोस्टात, सांगतो. आन् दुसरी साक्ष पायजे तर थोटीला इचारा. हळदीच्या पेठेत निवडाय आसती. अजून येती ती हितं, वर्षातून येकदा, माझं कायी आलं का म्हनून."

हळदीच्या पेठेत हवाच पिवळी होती. हंगाम सुरू झालेला. वखारीच्या फरशीवर हळकुंडांचे ढीग, आणि ढिगांभोवती बायका बसलेल्या, नाकाला पदर बांधून. सईला शिंका आल्या. रंगुबाई का मनुबाई असं विचारल्यावर कुणालाच कळलं नाही; थोटी म्हटल्यावर चार माना एका दिशेला वळल्या. पन्नाशीची, काटक बाई. डाव्या हाताच्या चार बोटांनी ती हळकुंड धरायची ते पाहत राहावं असं होतं. अंगठ्याचं काम तिनं तळहाताला शिकवलं होतं. विजयमालाला वाटलं होतं आपण वही काढू, प्रश्नावली काढू. वही पिशवीतच राहिली. ती ढिगाजवळ बसली आणि लहान पोरीसारखी म्हणाली, "तुमचे कागद मी वाचले."

"वाचलं? मग काय आलंय त्यात?" बाईचा हात थांबला नाही.

"तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?"

"थोटी म्हन की. समदी म्हनत्यात. ते तरी दिसतंय." शेजारच्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, "आगं, कोर्टातनं आलीया, तुझा दादला घावला वाटतं." "घावला तर तूच ठिवून घी," थोटी म्हणाली, आणि मग विजयमालाकडं वळून, हसू तसंच ओठावर ठेवून, सांगत गेली. भावानं, नाथाजीनं, पहिला अर्ज केला तो त्याला ठाऊक असलेल्या नावानं. नवरा म्हणाला, असली कोण बाई माझ्याकडं नव्हती. मग पाच वर्षांनी वकिलानं सांगितलं, सासरच्या नावानं कर. केला. त्या वेळी नाथाजीला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, तुझ्या बहिणीचं नाव काय. "आता बहिनीचं नाव भावाला इचारल्यावर त्यो काय सांगंल? रंगू म्हनाला. संपलं. लय रडला घरी येऊन. मी म्हनलं रडू नगं, तू खरंच बोललास की."

"आणि नवरा खोटं बोलला," विजयमाला म्हणाली. आपल्याच वाक्याला कुणीतरी हो म्हणावं असं तिला फार वाटत होतं.

थोटीनं एक किडकं हळकुंड निवडून मागं फेकलं. "त्यो तरी कुटं खोटं बोलला. रंगी त्याच्या घरात कवा गेलीच न्हाई, बाई. दारातच तिचं नाव काढून घेतलं. आत गेली ती मनू." मग तिनं विचारलं, "तुजं काय काम हुतं?"

विजयमालानं सांगितलं. सांगताना ते फार लहान वाटलं: एक पत्र, एक सही. पण ऐकताना थोटीचा हात पहिल्यांदा थांबला. "मालक न्हाई का तुजा?" "आहेत." "मारतो?" "नाही, नाही. चांगले आहेत." "मग त्यो सांगंल की." सई ढिगातलं एक एक हळकुंड काढून त्यांचं कुटुंब मांडत होती, हे बाबा, ही आई, हे बाळ. थोटीनं त्या कुटुंबाकडं पाहिलं, मग विजयमालाकडं. "बरं. मी येतो उद्या," ती म्हणाली, बायामाणसं गावाकडं बोलतात तशी. "पण तुम्ही मला कुठं हरणा म्हणून ओळखता? शपथेवर सांगावं लागेल." "आता सांगितलंस की तू. तुज्या तोंडानं. मला तर कोर्टात येवडंबी कुनी इचारलं न्हवतं."

त्या संध्याकाळी लालासाहेबांनी कारखान्यातून ऊस आणला. विळीवर सोलून त्याच्या गंडेऱ्या करून ते सईला भरवत होते आणि विजयमाला भाकऱ्या थापत होती. थापताना तिनं डावा अंगठा आत मुडपून पाहिला. भाकरी फिरली नाही, एका बाजूला जाड झाली. मनुबाईच्या कागदांत नवऱ्याच्या जबानीत एक वाक्य होतं, 'सदर बाईस स्वयंपाक येत नाही.' "विजू, आज काय कोर्टात?" त्यांनी विचारलं. "नेहमीचंच." आत्ता सांगावं. सांगितलं की संपलं. उद्या ते येतील. त्यांच्या बोटांना उसाचा चिकट रस लागला होता आणि सई तो चाटत होती, आणि दोघं इतकी एकमेकांची दिसत होती की विजयमालाला आपण खिडकीतून कुणाचं तरी घर बघतोय असं वाटलं. रंगुबाईला दोन्ही नावांनी ओळखणारा जगात एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि तोच कोर्टात समोरच्या बाजूला उभा होता. एवढीशी ती गोष्ट. चार वर्षांत, साठ कार्डांत, तिच्या हाती लागलेली ही एकच. आणि ती लिहायची म्हणजे कालचं वाक्य खोडायला हवं. 'धडधडीत असत्य.' मग तिथं काय लिहायचं? तिनं जाड भाकरी तव्यावर टाकली. ती फुगली नाही. ती तिनं स्वतःच्या ताटात वाढून घेतली आणि काही सांगितलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता रसूलभाई पोस्टाच्या पायरीवर टोपी घालून उभे होते. थोटी धुतलेलं लुगडं नेसून आली होती, पण हाताचा पिवळा रंग गेला नव्हता, तो हंगामभर जात नाही. सई आज नुसतीच बरोबर आलेली; तिला ठेवून घ्यायला सुलाबाई होत्या, पण विजयमालाला एकटं यावंसं वाटलं नाही. कारकुनांनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "मिस्टर नाही आले?" "नाही." त्यांनी एक कागद घेऊन लिहायला सुरुवात केली. 'आम्ही खाली सही करणार शपथेवर सांगतो की हरणा शेडगे आणि विजयमाला पिसाळ या एकच असून आम्ही त्यांस दोन्ही नावांनी चांगले ओळखतो.' विजयमालाला वाटलं, थांबवावं. 'चांगले ओळखतो.' तिनं असल्या साठ जबान्या वाचल्या होत्या, आणि कुठल्या शब्दावर वकील बोट ठेवील ते तिला दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती थांबवायला पुढं झाली नाही. रसूलभाईंनी सही केली. "तुमचं नाव?" कारकुनांनी थोटीला विचारलं. थोटीनं एकदा विजयमालाकडं पाहिलं. "रंगुबाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "मनुबाई बी. दोन्ही ल्ह्या. न्हाईतर उद्या त्यो म्हनंल असली कोन आलीच न्हवती." कारकुनांनी लिहिलं. दोन्ही नावं एका ओळीत आली. "डावा अंगठा." "डावा न्हाई." ते उमजायला त्यांना जरा वेळ लागला, मग त्यांनी खाली टिपलं, डावा नसल्यामुळे उजव्या हाताचा. शाईवर हळदीचा कण चिकटून अंगठ्याच्या मधोमध एक फिकट ठिपका राहिला.

पोच पावतीवर सही करायची होती. विजयमालानं पेन टेकवलं आणि हात आपोआप वळला, 'वि'ची सुरुवातीची वेलांटी ओढून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं. "चुकलं तर नवीन फॉर्म नाही मिळायचा," कारकून म्हणाले. तिनं त्या वेलांटीवरून सावकाश 'ह' गिरवला; मग र, मग णा. चार वर्षांपूर्वी अर्जावर केलेली सही कशी होती ते हाताला आठवत नव्हतं, म्हणून सईला शिकवते तशी तिनं एकेक अक्षर सुटं काढलं. पत्र हातात आलं. जाड, तपकिरी. फाडायची घाई वाटली नाही. थोटीचा अर्धा दिवस बुडाला होता, ती थांबली नाही; जाताना सईच्या गालाला बोट लावून गेली आणि गालावर पिवळी रेघ उठली. रसूलभाई कोर्टाकडं वळले. "बुधवारी या, बाई," ते म्हणाले. त्यांनी तिला नेहमीसारखं 'बाई' म्हटलं, दोन्हीपैकी काहीच नाही.

ऊन तापत चाललं होतं. पिशवीत पत्र होतं, त्याच्यावर हरणाचं नाव होतं, आणि ते घेऊन विजयमाला घराकडं चालली होती, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळून न्यावी तशी. घरी गेल्यावर दोन कार्डांचं एक करायचं. साठाची एकोणसाठ होतील. कुठलं फाडायचं, ते अजून ठरलं नव्हतं. सई तिच्या बोटाला धरून, फरशांच्या फटींवर पाय न पडू देता चालत होती. पोस्टात ती सबंध वेळ बाकड्यावर बसून सगळ्यांची तोंडं बघत होती. कोपऱ्यावर ती थांबली. कपाळाला आठी घालून, फार वेळ धरून ठेवलेलं बाहेर काढावं तसं तिनं विचारलं, "आई, ते पत्र तुझं होतं ना?"

"हो."

"मग त्या दिवशी मी पोस्टमनकाकांना खोटं सांगितलं का?"